ईदला सीएल, दिवाळीला सुट्टी

प्रश्न: नाशिकमध्ये औषधांच्या एका घाऊक दुकानात मी अकाउंट्स आणि हजेरी, दोन्ही बघते. बिलिंग, पॅकिंग, गोडाऊन, डिलिव्हरी धरून आम्ही ३६ जण आहोत. दर डिसेंबरात पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी टाइप करून मीच बोर्डावर लावते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेलेच. सणांच्या उरलेल्या चार सुट्ट्या म्हणजे गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन आणि दिवाळीचा पाडवा. हे शेठनी कित्येक वर्षांपूर्वी ठरवलं आणि तेच चालू आहे. या वेळी पॅकिंगच्या एका मुलाने मला विचारलं, ‘मॅडम, दोन्ही ईदला मला सीएल (किरकोळ रजा) का टाकावी लागते?’ मला उत्तर देता आलं नाही. डबा खाताना विषय निघाला आणि चांगलंच भांडण झालं. काउंटरवरचे काका म्हणाले, बहुतेकांचा जो सण त्याचीच सुट्टी असणार, त्यात चुकलं काय? बिलिंगचा मुलगा संध्याकाळी लॉ करतो. तो म्हणतो, मुळात सरकारनेच धर्माच्या सुट्ट्या द्यायला नकोत; सगळ्या बंद करा, ज्याला हवी त्याने रजा घ्यावी. शेठ म्हणाले, यादी आहे तशी लाव आणि वाद मिटव. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. सरकारने अशा सुट्ट्या द्याव्यात का? आणि मी बोर्डावर काय लावू?

उत्तर:

प्रिय ताई,

यादी आहे तशी लावू नका. शेठना पटेल अशी दुसरी यादी करता येते, तिच्याकडे येतेच. पण आधी त्या मुलाचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर तुमच्याच मस्टरमध्ये आहे.

तुमच्या दुकानाला राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यात वर्षाला सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आणि आठ सीएल आहेत. आता त्या मुलाचं आणि काउंटरवरच्या काकांचं पान शेजारी शेजारी ठेवून बघा. काकांचे चारही सण यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या आठच्या आठ सीएल शाबूत राहतात. नातवाला ताप आला, गावी कुणी गेलं, घरात नळाचं काम निघालं की त्या कामी येतात. मुलाच्या दोन सीएल दोन ईदलाच जातात. उरतात सहा. त्याच्या घरीही लेकरं तापतात आणि त्याच्याही गावी माणसं जातात. दसऱ्याला तो घरी बसतो हे खरं, पण ती सुट्टी त्याने मागितलेली नाही, आणि त्या दिवशी बाजार, बँक, शाळा, सगळंच बंद असल्यामुळे त्याची कामंही होत नाहीत. कागदावर दोघांना आठ अधिक आठ. प्रत्यक्षात एकाची पाव सीएल दर वर्षी सणात जाते. तो तुमच्याकडे मेहेरबानी मागत नव्हता, हिशोब विचारत होता. अकाउंट्स बघणाऱ्या माणसाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

याच कायद्यातली आणखी एक गोष्ट शेठशी बोलताना उपयोगी पडेल. चार दिवस कायद्याने नेमून दिले आहेत. बाकीचे चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायचे आहेत. म्हणजे शेठनी एकदा ठरवले आणि तेच चालू राहिले, ही पद्धत कायद्याला अभिप्रेत नाही. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. ‘या वर्षी आपण रीतसर सगळ्यांना विचारून ठरवू या, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवणार नाही’ असं सांगा. व्यापारी माणसाला ही भाषा समजते.

आता सरकारचं. आपल्याकडे सार्वजनिक सुट्टी म्हणजे सरकारने एखाद्या धर्माला दिलेला मानाचा फेटा, असं सगळे धरून चालतात. कागद वेगळंच सांगतो. राज्य सरकार दर वर्षी सुट्ट्यांची अधिसूचना काढतं तिच्या माथ्यावर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५ असा उल्लेख असतो. हा हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांचा कायदा. हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आधीच्या कामाच्या दिवशी भरली असं धरायचं, एवढंच त्या कलमात आहे. सुट्टी जाहीर करण्याचा त्यातला अधिकार केंद्राचा आहे, १९६८ च्या अधिसूचनेने तो राज्यांकडे सोपवला गेला. थोडक्यात, व्यवहार होणार नाहीत असा दिवस आधीच सगळ्यांना कळावा आणि त्या दिवसाच्या तारखेवरून कुणी कुणाला पेचात पकडू नये, म्हणून हे राजपत्र.

हे ध्यानात घेतलं की तुमच्या प्रश्नाचा निम्मा गुंता सुटतो. लक्ष्मीपूजनाला न्यायालयाने तारीख ठेवली तर साक्षीदार येणार नाही, रमजान ईदला बोर्डाचा पेपर ठेवला तर हजारो मुलं अडचणीत येतील. माणसं खरोखर थांबतात असे काही दिवस असतात आणि ते बहुतेक धर्माचेच असतात, कारण आपल्याकडे वर्षाचा फेराच सणांवर चालतो. त्या दिवशी सरकारने कचेरी बंद ठेवली म्हणजे सरकारने पूजा केली असं होत नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो, द्याव्यात’ असंच आहे. मात्र थोड्याच द्याव्यात, आणि मान म्हणून देऊ नयेत.

बिलिंगच्या मुलाचा मुद्दा ऐकायला अगदी स्वच्छ वाटतो. सगळ्याच बंद केल्या की सगळे सारखे. पण तसं होत नाही. उद्या राजपत्रातून सगळे सण पुसले तरी गणेश चतुर्थीला नाशिकची बाजारपेठ उघडणार आहे का? शेठ स्वतः गादीवर येतील का? मेडिकलवाले ऑर्डर देतील का? ज्यांची संख्या मोठी त्यांचा दिवस राजपत्राशिवायही मिळतोच. पुसला जाईल तो गुड फ्रायडे, महावीर जयंती, पारशी नववर्ष, गुरू नानक जयंती, ईद. ज्यांच्यासाठी गाव थांबत नाही त्यांना राजपत्रातली एक ओळ हाच आधार असतो. आणि तो आधार असूनही कधी कधी पुरत नाही. २०१५ मध्ये मुख्य न्यायमूर्तींची परिषद गुड फ्रायडेच्या दिवसांत ठेवली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांना पत्र लिहून आपली नाराजी कळवावी लागली होती. ती सुट्टी यादीत होती, पत्र लिहिणारे सर्वोच्च न्यायालयात होते, तरीही. यादीत नसेल आणि माणूस पॅकिंगला असेल तर काय होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

‘ज्याला हवी त्याने रजा घ्यावी’ हा त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र मोलाचा आहे. यादी करताना मी तोच वापरणार आहे.

काकांचंही पूर्ण चुकलेलं नाही. गाव ज्या दिवशी थांबतं तो दिवस सगळ्यांना सुट्टीचा असावा, यात अन्याय नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर, बाकीच्यांचा दिवस म्हणजे सवलत असं आपण मानायला लागतो तेव्हा. त्यांना दोन ठिकाणं दाखवा. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथे मराठी माणसं अगदी थोडी आहेत. दीड-दोन शतकांपूर्वी उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या लोकांची ती पुढची पिढी. तरी देशाने त्यांचा दिवस धरला, जसा चिनी नववर्षाचा, ईदचा आणि नाताळचा धरला. दुसरं ठिकाण इंग्लंड. दिवाळीला तिथे सुट्टी नसते. काकांच्या नात्यातलं, ओळखीतलं कुणी तिकडे असेल तर त्याला विचारा, लक्ष्मीपूजनाला काय करतोस? तो स्वतःच्या हक्काच्या रजेतली एक रजा टाकतो, किंवा सहा वाजता ऑफिसमधून निघून घाईघाईने दिवे लावतो. पॅकिंगचा मुलगा ईदला नेमकं हेच करतो. काका चांगले गृहस्थ असावेत असं तुमच्या पत्रावरून वाटतं. त्यांना हे लागेल.

जाता जाता कोकणातल्या बेने इस्रायलींची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तेल गाळण्याचा धंदा करणारी ही मराठी बोलणारी ज्यू माणसं शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. सरकारी सुट्टी नव्हती. घाणा स्वतःचा होता म्हणून त्यांना तो बंद ठेवता आला. नोकरीत ते जमत नाही, आणि कायद्याची गरज तिथेच सुरू होते. रविवारची सुट्टीसुद्धा आपल्याला कुणी ताटात वाढून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना घेऊन सहा-सात वर्षं लढा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी ती पदरात पडली. युरोपातून आलेला चर्चचा वार, पण रविवार खंडोबाचाही वार आहे हे कामगारांनी जाणलं आणि दिवस आपला करून घेतला. आज त्याला कुणी धर्माची सुट्टी म्हणत नाही. लोखंडे मागत होते ती विश्रांती; दिवस कुठला, हा सोयीचा भाग होता. हा क्रम आपण विसरलो, असं मला फार वाटतं.

सरकारचं चुकतं ते इथेच. सुट्टी मानाची झाली की प्रत्येक समाजाला ती हवी होते, आणि नाही म्हणणारा मंत्री त्या समाजाचा शत्रू ठरतो. यादी वाढत जाते. उत्तर प्रदेशात २०१७ मध्ये मुख्यतः जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या अशा १५ सुट्ट्या एका फटक्यात रद्द कराव्या लागल्या, इतक्या त्या साचल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दादरा नगर हवेलीच्या मुक्तिदिनाच्या प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, आणि सुट्ट्या कमी करण्याची वेळ आली असावी. मी याच्याशी सहमत आहे. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येच्या सोहळ्यासाठी राज्याने सुट्टी दिली, तीही ऐनवेळी. लॉ करणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिलं आणि उच्च न्यायालयाने रविवारी खास बसून ती याचिका फेटाळली. सरकारला तो अधिकार आहे, हे मान्य. पण वर्षाच्या यादीत नसलेला दिवस दोन-चार दिवस आधी जाहीर करणं मला योग्य वाटत नाही, मग तो सोहळा कुठल्याही धर्माचा असो. ठरलेली ऑपरेशनं, बँकेची कामं, लांबून तारखेला निघालेला पक्षकार यांचे हाल होतात, आणि ‘दिवस आधीच सगळ्यांना माहीत असावा’ हे सार्वजनिक सुट्टीचं मूळ कामच बाजूला पडतं.

याच सरकारी यंत्रणेतून चांगलंही घडतं, तेही सांगायला हवं. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. विसर्जनाच्या गर्दीत जुलूस नको म्हणून मुस्लिम संघटनांनी स्वतःच तो दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, आणि राज्याने ईदची सुट्टी २९ तारखेला हलवली. सुट्टी राजपत्रात होती म्हणून हलवता आली. दोन्ही समाजांचे दिवस सरकारच्या वहीत नोंदलेले असले की बोलणी करायला एक जागा राहते.

मला विचाराल तर केंद्र सरकारची पद्धत बरी आहे. १४ दिवस सक्तीचे, तीन दिवस एका छोट्या यादीतून निवडलेले, आणि शिवाय प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःच्या पसंतीच्या दोन ऐच्छिक सुट्ट्या. सार्वजनिक यादी इथेच गोठवावी आणि पुढे जी मागणी येईल ती ऐच्छिक यादीत घालत जावी, दोनाच्या तीन-चार कराव्यात. कुणाचा मान जाणार नाही आणि कचेऱ्याही बंद पडणार नाहीत.

आता तुमचा बोर्ड. एक धोका आधीच सांगते: मतदान घेऊ नका. छत्तीस जणांत मतदान घेतलं तर चारही दिवस पुन्हा तेच येतील, आणि वर ‘लोकशाहीने ठरलं’ असा शिक्का बसेल. त्याऐवजी चारांपैकी दोन दिवस सगळ्यांचे आणि दोन ज्याचे त्याचे, असं करा. सगळ्यांचे दोन म्हणजे तुमच्याकडे तसंही काम होत नाही ते: गणेश चतुर्थी आणि दिवाळीचा पाडवा. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारीच येतंय. तुमची साप्ताहिक सुट्टी रविवारी असेल तर जुन्या यादीत एक सुट्टी तशीही वाया गेली असती, हे शेठच्या आधी कर्मचाऱ्यांना दाखवा. काकांचा अर्धा विरोध तिथेच मावळेल. संध्याकाळी वहीपूजनाला पेढा आणि बोनसचं पाकीट घ्यायला सगळे येतातच, पॅकिंगचा मुलगाही येत असेल. ते चालू राहू द्या.

उरलेल्या दोन दिवसांसाठी लांब यादी द्या: गुढीपाडवा, दोन्ही ईद, गुड फ्रायडे, आंबेडकर जयंती, महावीर जयंती, दसरा, भाऊबीज, छठ, नाताळ, आणखी कुणी सुचवेल ते. बुद्ध पौर्णिमा २०२६ मध्ये १ मे रोजीच आहे, त्यामुळे तुमच्याकडे कुणी बौद्ध सहकारी असतील तर त्यांचा तो दिवस महाराष्ट्र दिनात जमा होतो. १४ एप्रिल त्यांना मिळेल याकडे मुद्दाम लक्ष द्या. वर्ष सुरू होण्याआधी, डिसेंबरअखेर प्रत्येकाने आपले दोन दिवस लिहून द्यायचे. एका विभागातले सगळेच एका दिवशी जाणार असतील तर आपसात बोलून ठरवायचं. आणि कुणालाही ‘हा तुझा सण कसा?’ असं विचारायचं नाही. एखादा हिंदू मुलगा ईदला मित्राकडे जाईल, एखादी मुस्लिम मुलगी भाऊबीजेचा दिवस घेईल कारण त्या दिवशी मुलांची शाळा बंद असते. बिलिंगचा लॉवाला सणच मानत नसेल तर त्याने परीक्षेच्या आदले दिवस घ्यावेत. हे सगळं एका कागदावर लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवा, आणि लावण्याआधी तुमच्या लेबर कन्सल्टंटला एकदा दाखवा.

शेठना पैशाची बाजू सांगा. या ठरावाने एकही भरपगारी दिवस वाढत नाही. उलट दसऱ्याला दुकान पूर्ण बंद राहत होतं ते आता निम्म्या माणसांवर का होईना चालू राहील, आणि सणासुदीला इन्सुलिनसाठी धावणारा मेडिकलवाला दुसऱ्या स्टॉकिस्टकडे जाणार नाही.

यातच एक खाच आहे, ती तुम्हीच सांभाळू शकता. सणाला दुकान उघडं ठेवायचं म्हटलं की पहिलं बोट त्या दोन-तीन जणांकडे वळतं: ‘तुमचा सण नाही ना, मग तुम्ही या.’ एकदा ते आनंदाने येतील. मग दिवाळीचे चारही दिवस तेच येतात आणि बदल्यात त्यांना एक ईद मिळते. म्हणून पाळी चिठ्ठ्या टाकून लावा, हौसेने अदलाबदल करणाऱ्यांनी ती करावी, आणि ठरलेल्या सुट्टीला कामावर बोलावलं तर कायद्याप्रमाणे जादा मोबदला हातात पडलाच पाहिजे. बायकांच्या पाळ्याही नीट बघा. दिवाळीच्या आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत बिलं करून घरी जाऊन अनारसे तळणारी बाई दुसऱ्या दिवशी ‘सुट्टीवर’ असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि ट्रान्सपोर्टची गाडी आली की खोकी उतरवणारे हमाल तुमच्या छत्तिसांत आहेत का? पत्रावरून कळलं नाही. ते खेपेवर पैसे घेत असतील तर तुमच्या यादीतला प्रत्येक सण म्हणजे त्यांचा बुडालेला रोज आहे. त्यांना आठ सुट्ट्या देणं तुमच्या हातात नसेल, पण दिवाळीच्या पाकिटांच्या यादीत त्यांची नावं घालणं बहुतेक असेल. शेठकडे तो विषय याच बैठकीत काढा, नंतर राहून जातो.

यादी बोर्डावर लागण्याआधी पॅकिंगच्या मुलाला बोलावून सांगा, सगळ्यांसमोर नको. त्याने विचारल्यामुळे हे झालं हे त्याला कळू द्या, पण बाकीच्यांनी त्याच्याकडे ‘याच्यामुळे आपला दसरा गेला’ म्हणून बघता कामा नये. दसरा कुणाचाही गेलेला नाही, हवा त्याने तो आपल्या दोनांत घ्यावा, हे काकांनाच बोलायला सांगितलंत तर उत्तम. २०२६ ची रमजान ईद गुढीपाडव्यानंतर लगेच, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. त्या तारखेपुढे ‘चंद्रदर्शनानुसार एक दिवस मागेपुढे’ एवढं नक्की लिहा, म्हणजे आदल्या रात्री त्याला तुम्हाला फोन करून विचारावं लागणार नाही.